सर्व्हरवरची व्हॅल्यू जावास्क्रिप्टला देताना

हापूसच्या पेट्यांची ऑर्डर घेणारं एक पान घ्या. सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपीने डेटाबेसमधून ग्राहकाचं नाव, पत्ता, एसटीडी कोड, पेटीचा दर, डिलिव्हरीची तारीख आणि तो सभासद आहे की नाही एवढं काढलेलं आहे. पेट्यांची संख्या बदलली की एकूण रक्कम तिथल्या तिथे बदलायला हवी, म्हणजे यातलं बरंच काही ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टला कळायला हवं. बहुतेक जण सुरुवात अशी करतात:

```
<स्क्रिप्ट>
व्हार नाव = '<?= $नाव ?>';
व्हार एसटीडी = <?= $एसटीडी ?>;
व्हार सभासद = <?= $सभासद ?>;
</स्क्रिप्ट>
```

या लेखात कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे आणि अंक देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग आणि इंग्रजी अंक वापरायचे.

टेस्टिंगमध्ये हे छान चालतं, कारण तिथला ग्राहक कायम साधा सरळ असतो. खरा डेटा आला की या तिन्ही ओळी तीन वेगळ्या तऱ्हांनी मोडतात.

पहिली ओळ. गोव्यातल्या एखाद्या डिसोझा किंवा डिमेलो ग्राहकाने आडनाव इंग्रजीत भरलं, तर पहिल्या अक्षरानंतर बहुधा ॲपॉस्ट्रॉफी येतो. जावास्क्रिप्टच्या दृष्टीने स्ट्रिंग, म्हणजे अवतरणचिन्हांतला मजकूर, तिथेच संपते आणि उरलेलं आडनाव म्हणजे कचरा. सिंटॅक्स एरर येतो, आणि तो त्या ओळीपुरता राहत नाही. त्या टॅगमधली एकही ओळ चालत नाही, कारण ब्राउझर आधी अख्खा ब्लॉक वाचतो आणि मगच चालवतो. पत्त्याचं तर विचारूच नका: टेक्स्टएरियात माणसं एंटर मारतात, आणि साध्या अवतरणचिन्हांतल्या स्ट्रिंगमध्ये नवी ओळ चालत नाही.

दुसरी ओळ जास्त वाईट, कारण ती एररच देत नाही. पुण्याचा कोड ०२०. शून्याने सुरू होणारा आकडा जुन्या नियमाने अष्टमान पद्धतीचा (दहाऐवजी आठच्या पटीत मोजलेला) समजला जातो, म्हणून व्हेरिएबलमध्ये १६ बसतात. मुंबईच्या ०२२ चे १८ होतात, कोल्हापूरच्या ०२३१ चे १५३. पणजीच्या ०८३२ मध्ये ८ असल्यामुळे तो अष्टमान होऊ शकत नाही, तिथे ८३२ मिळतात. स्ट्रिक्ट मोड (जावास्क्रिप्टचे कडक नियम) किंवा ते नियम आपोआप लावणारं मॉड्यूल असेल तर निदान सिंटॅक्स एरर येतो, म्हणजे चूक लगेच दिसते.

तिसऱ्या ओळीत सभासद नसलेल्या ग्राहकाची व्हॅल्यू फॉल्स, म्हणजे "नाही", आहे. पीएचपीत फॉल्स छापलं तर काहीच छापलं जात नाही. ब्राउझरला मिळतं "व्हार सभासद = ;" आणि कन्सोलमध्ये अनएक्सपेक्टेड टोकन. नलचंही, म्हणजे व्हॅल्यूच नसण्याचंही, तेच. ट्रू असेल तर १ छापला जातो आणि गाडी चालते, म्हणून सभासदाच्या लॉगिनने टेस्ट करणाऱ्याला हा दोष दिसत नाही.

यावर जो तो आपापलं ठिगळ लावतो. कोणी अवतरणचिन्हांआधी बॅकस्लॅश घालणारं ॲडस्लॅशेस वापरतो, कोणी सगळ्याला अवतरणचिन्हं घालतो, कोणी फॉल्ससाठी वेगळी अट लिहितो. ही ठिगळं फेकून द्या. व्हॅल्यू जावास्क्रिप्टच्या कोडमध्ये शिवायची नाही. ती डेटा म्हणून, जेसनच्या (डेटा मजकुरात लिहायची एक ठरलेली पद्धत) रूपात, पानावर एका ठरलेल्या जागी ठेवायची आणि स्क्रिप्टने ती तिथून वाचायची. बाकी सगळं यातूनच निघतं.

आधी कोण, नंतर कोण

पीएचपी सर्व्हरवर चालतं आणि मजकूर तयार करून संपतं. तो मजकूर ब्राउझरकडे पोचतो, मग एचटीएमएल पार्सर (ब्राउझरचा टॅग ओळखणारा भाग) तो वाचतो, आणि त्याला स्क्रिप्ट टॅग सापडला की आतला भाग जावास्क्रिप्टकडे जातो. जावास्क्रिप्टची पहिली ओळ चालायच्या वेळी पीएचपीचा खेळ आटोपलेला असतो.

हे सगळ्यांना पाठ असतं, तरी असा कोड लिहिला जातो:

```
इफ (कन्फर्म('ऑर्डर रद्द करायची?')) {
  <?php ऑर्डर_रद्द($आयडी); ?>
}
```

इथे ऑर्डर पान उघडताक्षणीच रद्द होते. प्रश्न विचारला जाण्याआधी, उत्तर काहीही असो. पीएचपीच्या दृष्टीने तो जावास्क्रिप्टचा इफ म्हणजे नुसता छापायचा मजकूर आहे. ब्राउझरमध्ये घडलेलं सर्व्हरला कळवायचं असेल तर नवी रिक्वेस्ट पाठवण्याशिवाय मार्ग नाही: फॉर्म सबमिट करा किंवा जावास्क्रिप्टमधून रिक्वेस्ट पाठवणारं फेच वापरा.

दुसरा नेहमीचा गोंधळ म्हणजे स्क्रिप्ट वेगळ्या जेएस फाइलमध्ये नेली आणि पीएचपीचे टॅग तसेच ठेवले. जेएस फाइल सर्व्हर जशीच्या तशी पाठवतो, तिच्यातलं पीएचपी कोणी चालवत नाही. काही जण मग सर्व्हरच्या सेटिंगमध्ये जेएस फाइलीही पीएचपीकडून चालवून घेतात. तसं करू नका. ती फाइल सगळ्यांसाठी एकच राहिली तरच ब्राउझरला ती कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या साठ्यात, ठेवता येते. ग्राहकागणिक बदलणारा मजकूर तिच्यात शिरला की कॅश एक तर निरुपयोगी होते, नाहीतर धोकादायक. जेएस फाइल स्थिर ठेवा आणि बदलणारा डेटा एचटीएमएलमध्ये ठेवा.

डेटा ब्लॉक

सर्व्हरवर आधी हवं तेवढंच एका ॲरेत गोळा करा. डेटाबेसची अख्खी रो (एका ग्राहकाची पूर्ण नोंद) ढकलू नका. त्यावर पुढे बोलू. मग टेम्प्लेटमध्ये:

```
<स्क्रिप्ट टाइप="ॲप्लिकेशन/जेसन" आयडी="पान-डेटा">
<?= जेसन_एन्कोड($डेटा, जेसन_हेक्स_टॅग | जेसन_हेक्स_ॲम्प
    | जेसन_अनएस्केप्ड_युनिकोड | जेसन_थ्रो_ऑन_एरर) ?>
</स्क्रिप्ट>
<स्क्रिप्ट एसआरसी="/जेएस/ऑर्डर.जेएस" डिफर></स्क्रिप्ट>
```

आणि जेएस फाइलमध्ये:

```
कॉन्स्ट डेटा = जेसन.पार्स(
  डॉक्युमेंट.गेटएलिमेंटबायआयडी('पान-डेटा').टेक्स्टकंटेंट
);
```

टाइपमध्ये ॲप्लिकेशन/जेसन असल्यामुळे ब्राउझर तो टॅग चालवायला जात नाही, नुसता मजकूर म्हणून बाळगतो. आडनावातला ॲपॉस्ट्रॉफी, पत्त्यातली नवी ओळ, फॉल्स, नल, शून्याने सुरू होणारा कोड हे सगळं जेसन_एन्कोड स्वतः सांभाळतं. अट एकच: एसटीडी कोड पीएचपीत स्ट्रिंग असला पाहिजे. न्यूमेरिक_चेक नावाचा एक फ्लॅग (जोडून द्यायचा पर्याय) आहे, तो आकड्यासारख्या दिसणाऱ्या प्रत्येक स्ट्रिंगचा आकडा करतो. तो लावलात की ०२० चे २० झालेच. त्याच्या वाटेला जाऊ नका.

वरच्या फ्लॅगांपैकी हेक्स_टॅग का, ते नीट समजून घ्या, कारण सुरक्षेचा मुख्य मुद्दा तोच आहे. एचटीएमएल पार्सरला जावास्क्रिप्ट किंवा जेसन कळत नाही. स्क्रिप्ट टॅगच्या आत शिरल्यावर तो फक्त "</स्क्रिप्ट" ही अक्षरं शोधत असतो. ती अवतरणचिन्हांच्या आत आहेत की बाहेर, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. कुणी पत्त्याच्या रकान्यात "</स्क्रिप्ट>" लिहून पुढे स्वतःचा स्क्रिप्ट टॅग उघडला, तर तुमचा ब्लॉक तिथेच बंद होतो आणि त्याचा कोड तुमच्या पानावर चालतो. पीएचपी मुळात तिरक्या रेघेआधी बॅकस्लॅश घालतं, म्हणून एवढ्यापुरता बचाव आपोआप होतो. पण "यूआरएल वाचायला बरी दिसते" म्हणून कोणी अनएस्केप्ड_स्लॅशेस लावलं की तो बचाव गेला.

आणखी एक चोरवाट आहे. डेटात "<!--" आणि त्यानंतर "<स्क्रिप्ट" आलं, तर पार्सर एका विचित्र अवस्थेत जातो. तिथे तुमचा खरा बंद करणारा टॅगही तो ओळखत नाही आणि पुढचं अर्धं पान स्क्रिप्टमध्ये गिळलं जातं. नुसती तिरकी रेघ एस्केप करून, म्हणजे निरुपद्रवी रूपात लिहून, हे थांबत नाही. हेक्स_टॅग प्रत्येक "<" आणि ">" चं युनिकोड एस्केप करतो, त्यामुळे पार्सरला टॅगसारखं काही दिसतच नाही, आणि जेसन.पार्स केल्यावर मूळ चिन्ह जसंच्या तसं परत मिळतं.

इथे एचटीएमएलस्पेशलकॅर्स लावायचा मोह आवरा. ते पीएचपी फंक्शन खास चिन्हांच्या एंटिटी, म्हणजे चिन्हाऐवजी लिहायची सांकेतिक नावं, करतं. स्क्रिप्ट टॅगच्या आत ब्राउझर एंटिटी उलगडत नाही. दुहेरी अवतरणचिन्हाची एंटिटी झाली की ती तशीच राहते आणि जेसन.पार्स दुसऱ्याच अक्षराला अडखळतं.

गेटएलिमेंटबायआयडीकडून नल मिळाला, तर स्क्रिप्ट डेटा ब्लॉकच्या आधी चालली असं समजा. डिफर (पान वाचून झाल्यावर चालवा) लावा किंवा टाइप मॉड्यूल करा. मॉड्यूल मुळातच डिफर असतं. असिंकवर (फाइल आली की लगेच चालवा) विसंबू नका. त्याला क्रमाची हमी नसते आणि दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही.

मराठी मजकूर आणि गायब झालेलं जेसन

मराठी साइटवर हमखास भेटणारा प्रकार. थ्रो_ऑन_एरर लावलेलं नाही, आणि काही ग्राहकांच्याच पानावर डेटा ब्लॉक रिकामा येतो. पीएचपीच्या लॉगमध्ये अक्षरही नाही.

कारण बहुतेक वेळा सबस्ट्र, म्हणजे स्ट्रिंगचा तुकडा कापणारं पीएचपी फंक्शन, असतं. पत्त्याची झलक म्हणून कोणीतरी पहिले १०० बाइट कापलेले असतात. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइटचं असतं. सलग देवनागरी असेल तर १०० बाइटांत ३३ चिन्हं पूर्ण बसतात आणि चौतिसाव्याचा एक बाइट लटकत राहतो. तो यूटीएफ-८ म्हणून अवैध, म्हणून जेसन_एन्कोड फॉल्स परत करतं, आणि फॉल्स छापलं की काहीच छापलं जात नाही. इंग्रजी पत्त्यांना हा त्रास होत नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट.

कापायचंच असेल तर एमबी_सबस्ट्र वापरा. त्याने जेसन वाचतं, पण तरीही "कि" मधला "क" इकडे आणि वेलांटी तिकडे असं होऊ शकतं. अक्षर अखंड हवं असेल तर इंटल एक्स्टेन्शनमधलं ग्राफीम_सबस्ट्र. आणि थ्रो_ऑन_एरर लावाच, पीएचपी ७.३ पासून तो आहे. चूक गिळून रिकामं पान देण्यापेक्षा लॉगमध्ये एरर दिसलेला बरा.

अनएस्केप्ड_युनिकोड लावला नाही तर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ६ बाइटांच्या एस्केपमध्ये जातं. चालतं व्यवस्थितच, पण व्ह्यू सोर्समध्ये काही वाचता येत नाही आणि दोष शोधताना चिडचिड होते.

आकडे, पैसे, तारखा

सर्व्हरवर दाखवण्यासाठी सजवलेला आकडा जावास्क्रिप्टला देऊ नका. नंबर_फॉरमॅटने "१,२००" केलं आणि ते पार्सफ्लोटला दिलं की १ मिळतो, कारण स्वल्पविरामापाशी ते थांबतं. देवनागरी अंकांत सजवलेला आकडा दिला तर एनएएन, म्हणजे "आकडाच नाही". जावास्क्रिप्टचं नंबर आणि पार्सइंट देवनागरी अंक ओळखत नाहीत, मग ते सर्व्हरने छापलेले असोत की ग्राहकाने मराठी कीबोर्डवरून रकान्यात भरलेले. आकडा कोरा पाठवा आणि सजावट ब्राउझरवर सोपवा. इंटल.नंबरफॉरमॅटला "एमआर-आयएन" दिलं की स्वल्पविराम लाख-कोटींच्या पद्धतीने पडतात आणि अंक आपोआप देवनागरी होतात.

रक्कम पैशांत पाठवणं सगळ्यात सोयीचं: १,२०० रुपये म्हणजे १२०००० पैसे, पूर्णांक. दशांशाच्या बेरजेतली घाण टळते. पेमेंटसाठी रेझरपे वापरत असाल तर तेही रक्कम पैशांतच घेतं. मात्र ब्राउझरला दिलेला दर फक्त दाखवण्यासाठी असतो हे ध्यानात ठेवा. डेव्हलपर टूल्स उघडून कोणीही त्या १२०००० चे १०० करू शकतो, म्हणून ऑर्डर तयार करताना दर पुन्हा डेटाबेसमधूनच काढा.

आयडी मोठे असतील तर ते स्ट्रिंग म्हणून द्या. जावास्क्रिप्टचा आकडा ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच नेमका राहतो. त्यापुढे शेवटचे अंक मुकाट्याने बदलतात. १० अंकी मोबाइल नंबर यात सहज बसतो, पण १९ अंकी आयडी बसत नाही.

तारखांत तीन खड्डे आहेत. पीएचपीचं टाइम सेकंदांत असतं, जावास्क्रिप्टचं मिलिसेकंदांत. १००० ने गुणायला विसरलात तर आजची तारीख १९७० च्या जानेवारीत, २० तारखेच्या आसपास जाऊन पडते. न्यू डेटला वर्ष, महिना, दिवस असे सुटे आकडे दिले तर महिना शून्यापासून मोजला जातो, ४ म्हणजे मे. तिसरा खड्डा भारतात बसून दिसत नाही. "२०२६-०४-१५" अशी नुसती तारीख दिली तर जावास्क्रिप्ट ती यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्र मानतं. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, तारीख तीच राहते, सगळं बरोबर वाटतं. तेच पान न्यू जर्सीत बसून गावाकडे पेटी पाठवणाऱ्याने उघडलं तर त्याला १४ एप्रिल दिसतो. डिलिव्हरीचा दिवस हा क्षण नसून कॅलेंडरवरची तारीख आहे. तो दाखवायचा मजकूर सर्व्हरवरच बनवा किंवा स्ट्रिंग तोडून दाखवा, न्यू डेटमधून नेऊ नका. नेमकी वेळ हवी असेल तर शेवटी +०५:३० जोडून पाठवा.

रिकाम्या ॲरेचीही एक गंमत आहे. पीएचपीत यादी आणि कोश (नाव-व्हॅल्यूच्या जोड्या) दोन्ही ॲरेच असतात. कोश रिकामा असेल तर जेसनमध्ये [] जातं, भरलेला असेल तर {}. रिकाम्यासाठी तो ऑब्जेक्टमध्ये कास्ट करा. उलट, यादीतून ॲरे_फिल्टरने काही गाळलं की मधले इंडेक्स तुटतात, यादीचं ऑब्जेक्ट होतं आणि जावास्क्रिप्टमध्ये "मॅप हे फंक्शन नाही" असा एरर येतो. गाळल्यावर ॲरे_व्हॅल्यूज लावा.

डेटा ॲट्रिब्यूट, आणि ऑनक्लिकपासून लांब

पानभराच्या डेटासाठी ब्लॉक बरा. पण यादीतल्या प्रत्येक ओळीला एखादाच आयडी जोडायचा असेल तर डेटा ॲट्रिब्यूट सुटसुटीत:

```
<बटन डेटा-ऑर्डर-आयडी="<?= एचटीएमएलस्पेशलकॅर्स($आयडी) ?>">
```

वाचताना डेटासेट.ऑर्डरआयडी, म्हणजे आडव्या रेघा जाऊन पुढचं अक्षर कॅपिटल. इथे मात्र एचटीएमएलस्पेशलकॅर्स हवंच, कारण ॲट्रिब्यूटमध्ये ब्राउझर एंटिटी उलगडतो. जे मिळतं ते नेहमी स्ट्रिंग असतं. "फॉल्स" ही स्ट्रिंग इफमध्ये ट्रू ठरते, आणि "५" मध्ये १ मिळवले की "५१" पेट्या होतात.

ऑनक्लिकमध्ये, म्हणजे क्लिक केल्यावर चालणारा कोड लिहायच्या ॲट्रिब्यूटमध्ये, व्हॅल्यू घालणं सगळ्यात फसवं:

```
ऑनक्लिक="काढा('<?= एचटीएमएलस्पेशलकॅर्स($नाव) ?>')"
```

एस्केप केलंय, म्हणजे सुरक्षित, असं वाटतं. पण ब्राउझर आधी ॲट्रिब्यूट उलगडतो: ॲपॉस्ट्रॉफीची एंटिटी पुन्हा ॲपॉस्ट्रॉफी होते, आणि तो मजकूर मग जावास्क्रिप्ट म्हणून चालवला जातो. डिसोझांचं नाव इथेही मोडतं, आणि मुद्दाम रचलेलं नाव हवा तो कोड चालवून घेतं. दोन भाषा एकात एक असतील तर एस्केपही दोनदा लागतो: आत जेसन_एन्कोड, बाहेरून एचटीएमएलस्पेशलकॅर्स, आणि साधी अवतरणचिन्हं काढून टाकायची. जुन्या कोडची डागडुजी करताना एवढं पुरतं. नवीन लिहिताना डेटा ॲट्रिब्यूट आणि ॲडइव्हेंटलिसनर.

जावास्क्रिप्टपर्यंत व्हॅल्यू नीट पोचली तरी ती इनरएचटीएमएलमध्ये ओतली की सगळी मेहनत वाया. तिथे ती पुन्हा एचटीएमएल म्हणून वाचली जाते. नाव दाखवायला टेक्स्टकंटेंट.

फ्रेमवर्क असेल तर

वर्डप्रेसमध्ये लोकलाइझ_स्क्रिप्टची सवय जुनी आहे. त्याचं मूळ काम भाषांतराच्या स्ट्रिंगा देणं. म्हणून ॲरेच्या पहिल्या पातळीवरच्या साध्या व्हॅल्यूंचं ते स्ट्रिंगमध्ये रूपांतर करतं. ट्रू चं "१" होतं, फॉल्सची रिकामी स्ट्रिंग. प्रकार शाबूत हवे असतील तर ४.५ पासून असलेलं ॲड_इनलाइन_स्क्रिप्ट वापरा: डब्ल्यूपी_जेसन_एन्कोडला हेक्स_टॅग द्या, आणि जागा "बिफोर" सांगा, म्हणजे डेटा मुख्य स्क्रिप्टच्या आधी छापला जाईल. हँडलचं (स्क्रिप्टची ओळख) नाव एन्क्यू करताना, म्हणजे स्क्रिप्ट पानाला जोडताना, दिलेलंच हवं आणि एन्क्यू आधी झालेलं हवं. नाहीतर एररशिवाय काहीच छापलं जात नाही.

पायथनच्या जँगोत २.१ पासून जेसन_स्क्रिप्ट फिल्टर आहे. तो वरच्यासारखाच डेटा ब्लॉक, एस्केपसकट, स्वतः तयार करतो. डेसिमलच्या व्हॅल्यू मात्र स्ट्रिंग होऊन येतात, तेव्हा गुणाकार जमतो आणि बेरीज फसते. पायथनच्याच फ्लास्कमध्ये टूजेसन फिल्टर. तो स्क्रिप्टच्या आत आणि एकेरी अवतरणचिन्हांतल्या ॲट्रिब्यूटमध्ये सुरक्षित आहे, दुहेरीत नाही. पायथनचं जेसन एनएएन तसंच छापतं आणि ब्राउझरचं जेसन.पार्स ते नाकारतं, म्हणून पांडासमधून (तक्त्यातला डेटा हाताळणारी पायथन लायब्ररी) आलेले रिकामे रकाने आधी नल करून घ्या. पीएचपीच्या लाराव्हेलमध्ये जेएस::फ्रॉम, त्यात लांबलचक एक्स्प्रेशन कोंबू नका, कंट्रोलरमध्ये व्हेरिएबल तयार करून तेवढंच द्या.

काय पाठवू नये

डेटा ब्लॉक स्क्रीनवर दिसत नाही, पण व्ह्यू सोर्समध्ये अख्खा उघडा असतो. ग्राहकाची पूर्ण रो जेसनमध्ये ओतली की पासवर्डचा हॅश, अंतर्गत शेरे, दुसऱ्याचा मोबाइल नंबर सगळं बाहेर जातं. म्हणून सर्व्हरवर ॲरे हाताने, एकेक की लिहून बनवा. पेमेंट गेटवेच्या दोन चाव्यांपैकी "की आयडी" पानावर जातो, सीक्रेट कधीच नाही. नेक्स्ट.जेएसमध्ये नेक्स्ट_पब्लिक_ किंवा व्हीटमध्ये व्हीट_ लावलेली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बिल्डच्या वेळीच ब्राउझरच्या बंडलमध्ये जातात. त्यात सीक्रेट ठेवलं तर ते जाहीर झालं, आणि सर्व्हरवर व्हॅल्यू बदलून उपयोग नाही, पुन्हा बिल्ड करावं लागतं.

पानावर पूर्ण पेज कॅश असेल तर आणखी सांभाळा. पहिल्या ग्राहकाचं नाव-पत्ता असलेलं पान कॅशमध्ये बसतं आणि पुढच्या सगळ्यांना तेच दिसतं. माणसागणिक बदलणारा डेटा अशा पानात छापूच नका. पान उघडल्यावर फेचने मागवा आणि त्या उत्तराला कॅश-कंट्रोलमध्ये प्रायव्हेट, नो-स्टोअर लावा. वर्डप्रेसचा नॉन्सही (रिक्वेस्ट खरी असल्याची खूण) जास्तीत जास्त २४ तास टिकतो. कॅश त्याहून जुनी असेल तर फॉर्म ४०३ (परवानगी नाही) देत राहतो आणि लॉगिन केलेल्या ॲडमिनला मात्र सगळं ठीक दिसतं.

कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानावर कोणता कोड चालू द्यायचा याचे नियम) लावली असेल तर इनलाइन स्क्रिप्ट अडतात. जेसनचा डेटा ब्लॉक चालवला जात नसल्यामुळे तो अडत नाही, त्याला नॉन्स लागत नाही. इनलाइन स्क्रिप्टला लागतो, आणि तो प्रत्येक रिक्वेस्टला नवा हवा. हा नॉन्स आणि वर्डप्रेसचा नॉन्स यांचा एकमेकांशी संबंध नाही.

तपासणी

टेस्टिंगच्या डेटाबेसमध्ये एक ग्राहक मुद्दाम असा ठेवा: नावात ॲपॉस्ट्रॉफी आणि दुहेरी अवतरणचिन्ह दोन्ही, पत्त्यात दोन नव्या ओळी, एक बॅकस्लॅश, "&", "<!--<स्क्रिप्ट>" आणि "</स्क्रिप्ट>", त्याला जोडून दीडशे अक्षरांचा मराठी मजकूर. एसटीडी कोड ०२०, सभासद फॉल्स, जुन्या ऑर्डरी शून्य. त्याच्या नावाने पान उघडा आणि आधी व्ह्यू सोर्स बघा, इन्स्पेक्टर नव्हे. इन्स्पेक्टर ब्राउझरने दुरुस्त करून घेतलेलं झाड दाखवतो, तुम्हाला सर्व्हरने पाठवलेला मजकूर हवा असतो. मग कन्सोलमध्ये डेटा छापून प्रत्येक व्हॅल्यूचा टाइपऑफ पाहा. शेवटी क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या सेन्सर्समधून टाइमझोन न्यूयॉर्कचा करून पान ताजं करा आणि डिलिव्हरीची तारीख पुन्हा वाचा.